अंगावर काय उठलं होतं

हसनाबाद, ता. भोकरदन
शनिवार, २१ डिसेंबर २०२४

थांब, माय हाक मारते आहे.

आलो. कूस बदलून दिली. आता भिंतीकडे तोंड करून पडली आहे. अर्धा तास मिळेल.

चि. प्रांजली, आशीर्वाद. अण्णा बरे आहेत. तुझी वहिनी मोनिका बरी आहे. शाळा सकाळची होती, धावड्याहून दोनला घरी आलो. थंडी पडली आहे. पुढे "बाकी सर्व ठीक" असं लिहिणार होतो, हाताला सवय आहे.

तू काल फोनवर विचारलंस, "दादा, मायच्या अंगावर तेव्हा काय उठलं होतं? नीट आठवून सांग." मी म्हणालो, आठवून सांगतो. अण्णा शेजारी बसले होते. खरं म्हणजे आठवावं लागत नाही. सगळं समोर आहे. फक्त त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून क्रमाने लिहून पाहतो. वर्गात मुलांना हेच सांगतो, आधी घडलं ते लिहा, मग कारण.

जालन्याच्या डॉक्टर सत्यशीला मॅडमनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या ती तारीख वीस नोव्हेंबर. त्याआधी मायच्या कंबरेच्या हाडातलं दुखणं असं होतं की अंगावरची चादर काढली तरी ती ओरडायची. गोळी चार-चार तासांनी. चौथ्या दिवशी ती उंबऱ्याशी टेकून बसली आणि लसूण सोलला. शेजारच्या सोनूबाई आल्या तेव्हा त्यांना म्हणाली, "माझी लेक पुण्यात उंदरं खाजवती. सरकार पगार देतं." सोनूबाई हसल्या. माय पण हसली. मी किती महिन्यांनी तिला हसताना पाहिलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होतो. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, तुम्ही लई करून राह्यले माझं. तुमची माय नशीबवान हाय."

मोनिका तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. मला वाटलं, चेष्टा करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुरुजी. तिसऱ्या दिवशी अण्णांना नावानिशी ओळखलं, मोनिकाला ओळखलं, तुझी चौकशी केली, "प्रांजली जेवली का?" आणि मला म्हणाली, "गुरुजी, आता घरी जा. तुमच्या घरचे वाट पाहत असतील."

हे मी तुला सांगितलं नव्हतं. मॅडमनाही नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही. दुखणं राहिलं नव्हतं. मग तक्रार कशाची करायची?

खाज दहाव्या दिवशी सुटली. आधी नाकाचा शेंडा, मग गाल, मग मान आणि छाती. बसल्या बसल्या खाजवायची, झोपेतही खाजवायची. तू सांगतेस की पहिल्यापासूनच असेल, आमच्या लक्षात उशिरा आलं. असेल. सोनूबाई म्हणाल्या, "अफूच हाय ती. अंगातून निघून राह्यली." अण्णा म्हणाले, पित्त. मग स्वतःच म्हणाले, "मेंढराला बी अशीच खाज सुटती. भिताडाला घासत बसतं. वरून काई दिसत न्हाई."

अण्णांनी भिंतीतल्या देवळीतला गेरूचा खडा काढला. तुला आठवत असेल, मेंढरांच्या पाठीवर खुणा करायचा तोच. मेंढरं विकून सहा वर्षं झाली, खडा तसाच होता. वाटीत पाण्यात उगाळला.

मी म्हणालो, "तुम्हीच म्हणता वरून काही दिसत नाही. मंग गेरू कशाला?"

"उगी बसू का मंग?"

त्यांनी मायच्या मानेला, छातीला, दोन्ही हातांना गेरू लावला आणि तिला काळ्या घोंगडीत गुंडाळलं. पित्त उठलं की त्यांची आई तसंच करायची. माय लहान पोरीसारखी लावून घेत होती. "गार लागतं," म्हणाली.

आता जे लिहायचं ते इथे आहे. गेरू लावायच्या आधी मी मोबाइलची बत्ती लावून तिचं अंग पाहिलं होतं. मान, पाठ, पोट, काखा. काही नव्हतं. कातडी साफ होती.

सकाळी घोंगडी काढली. गेरू वाळून जागोजाग गळून पडला होता, काही घोंगडीला लागला होता. उरला त्याचे चट्टे दिसत होते. लाल, कडेला फिकट. मी फोटो काढून मॅडमना पाठवला. मी पाठवताना काय विचार करत होतो हे आठवायचा प्रयत्न करतो तेव्हा फक्त एवढंच आठवतं की कपडे वाळत घालायची दोरी फोटोत येऊ नये म्हणून मी थोडा डावीकडे सरकलो.

मॅडमचा लगेच फोन आला. "हे चट्टे गोळी सुरू केल्यानंतर आले?"

मी म्हणालो, "हो."

ते खोटं नव्हतं. गोळी सुरू केल्यानंतरच आले. दहा दिवसांनी आले आणि वाटीतून आले.

त्यांनी विचारलं, ओठ सुजलेत का, दम लागतो का. नाही म्हणालो. तरी घाबरल्या. पेशंट घरी, दवाखाना साठ किलोमीटरवर. त्या म्हणाल्या, आजपासून बंद करा, आणि फाइलवर ठळक लिहून ठेवा, पुढे कोणी देऊ नये. माझं अक्षर चांगलं आहे, तुला माहीत आहे. लाल पेनने लिहिलं. "मॉर्फिन देऊ नये. ॲलर्जी." खाली दोन रेघा.

बदली गोळ्या आल्या. त्या खाल्ल्या न खाल्ल्या सारख्याच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दारातून आत येतो तोच माय ओरडली, "रामेश्वऱ्या, कुठं मेला होतास? कंबर तुटून राह्यली माझी!"

प्रांजली, मला बरं वाटलं.

हे वाक्य मी तीनदा खोडलं. चौथ्यांदा तसंच ठेवतो.

गेल्या मंगळवारी तिला उलट्या झाल्या म्हणून भोकरदनला नेलं. सलाइन लावताना ती इतकी ओरडली की डॉक्टर स्वतः म्हणाले, यांना जोरदार काहीतरी द्यावं लागेल. त्यांनी फाइल घेतली. वरचा लाल मजकूर वाचला. फाइल मिटली आणि मला म्हणाले, "बरं झालं तुम्ही लिहून ठेवलं." मी मान हलवली. माय माझा हात धरून होती. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा अजून आहेत. त्या मात्र खऱ्या आहेत.

काल तू एवढं समजावून सांगितलंस. दुखण्याची आणि खाजेची वाट कण्यातून शेजारशेजारून जाते. एरवी खाजेवर एक दाब असतो. मॉर्फिन दुखणं दाबतं तेव्हा तोच दाब सैल होतो, म्हणून खाज सुटते. तुमच्या प्रयोगशाळेत उंदीर मागच्या पायाने मान किती वेळा खाजवतो ते मोजतात. अंगावर बहुधा काही उठत नाही. नुसती खाज असेल तर ॲलर्जी म्हणत नाहीत. त्याला उपाय असतात, गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. "पण दादा, चट्टे खरंच उठले असतील तर मी काही बोलू शकत नाही. म्हणून विचारते."

मग तू सहज म्हणालीस, सुरुवातीला काही जणांना भ्रम होतो, माणसं ओळखत नाहीत, बऱ्याचदा उतरतो. मी तुला त्याबद्दल काही विचारलं नव्हतं. तू का म्हणालीस? मोनिकाने सांगितलं का?

मी थांबायला हवं होतं का? किती दिवस? आणि उतरला नसता तर? तुझ्याकडे उंदीर मोजायला असतात. इथे एकच माय आहे. ती दुखत असते तेव्हा मी तिचा रामेश्वर असतो, दुखत नसते तेव्हा कोणी गुरुजी. मी तिचं दुखणं निवडलं की स्वतःचं नाव, हे मला सांगता येत नाही. कदाचित मी काहीच निवडलं नाही, फक्त हो म्हणालो. असंही वाटतं. असं वाटून घेणं सोपं आहे, हेही कळतं.

अण्णांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना वाटतं, गेरूने खाज गेली.

जुन्या गोळ्यांचं पाकीट मी परत केलं नाही. तांदळाच्या डब्यामागे आहे. ते का ठेवलं, तेही मला माहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, अंगावर काही उठलं नव्हतं.

माय हाक मारते आहे. नावाने.

रविवार सकाळ.

कागद कालच पाठवणार होतो, पाठवले नाहीत. आठ वाजता अण्णा चुलीपाशी असताना सत्यशीला मॅडमना फोन केला. गेरूचं सांगितलं. गुरुजींचंही सांगितलं. मग म्हणाल्या, "सर, तीन आठवडे." एवढंच. मग गोळीची मुदत पाहायला लावली, श्वासाबद्दल विचारलं आणि सांगितलं की इतके दिवस बंद होती म्हणून आता अर्धीच द्या, शेजारी बसून राहा, उद्या फाइल घेऊन या. फाइलवरचं मी खोडायचं नाही. त्या खोडतील, सही करतील.

पावणेनऊला अर्धी गोळी दिली. साडेनऊला तिने नाकाचा शेंडा खाजवला. अण्णा देवळीकडे जायला उठले. मी त्यांना बसवलं.

आता दहा वाजलेत. ती डोळे उघडे ठेवून शांत पडली आहे. मी समोरच बसलो आहे. अजून हाक मारलेली नाही.

तुझा
रामेश्वर