भागाकाराची लांब पद्धत

४ फेब्रुवारी, मंगळवार
वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई वही घेऊन आली. शर्टांच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवते. तंत्रनिकेतनाची प्रवेश परीक्षा देणार आहे — वयाच्या अटीत हे शेवटचं वर्ष. बहुपदींचा भागाकार अडतोय म्हणाली. मला 'सर' म्हणाली! निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
x³ − 3x + 5 ला x − 2 ने भागायला दिलं. x² चं पद नाही, तर बाईंनी त्याची जागाच सोडली नाही. पुढची सगळी वजाबाकी फसली. तिथे 0x² लिहून जागा राखायची, असं सांगितलं.
"म्हणजे गैरहजर असेल त्याचीही हजेरी लावायची?"
इतका हसलो की ठसका लागला. तिनेच पाणी आणून दिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
ती येते मंगळवारी आणि शुक्रवारी. उरलेले पाच दिवस नुसते ढकलायचे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
हात बसला तिचा. आज एकही चूक नाही. आता छोटी पद्धत सांगायला हवी — नुसते सहगुणक मांडायचे, तीन ओळींत उत्तर. लांब पद्धतीला अर्धं पान जातं. तिच्या जुन्या पुस्तकात छोटी पद्धत नाहीच.
सांगितली नाही. एकदा ती पद्धत जमली की प्रकरण संपलं. मग ही कशाला जिना उतरून येईल?

४ मार्च, मंगळवार
सांगितली नाही.

१८ मार्च, मंगळवार
आजही जीभ रेटली नाही. उलट आणखी दहा गणितं दिली, लांब पद्धतीचीच. बिचारी कामावरून थेट आलेली, डोळे मिटत होते. मान डोलावून गेली. किती आपमतलबी आहे मी! आणि तरी शुक्रवारची वाट बघतोय.

२३ मार्च, रविवार
परीक्षा झाली. जिन्यात भेटली. येत सगळं होतं, पण वेळ पुरला नाही, चार गणितं तशीच राहिली म्हणाली. वर मलाच धीर दिला, तुम्ही मन लावून शिकवलंत म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

१५ एप्रिल, मंगळवार
निकाल लागला. तीन गुणांनी तिचा प्रवेश हुकला.

१६ एप्रिल, बुधवार
वर गेलो. सगळं सांगितलं, का लपवलं तेही. तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "नुसतं 'ये' म्हटलं असतंत, तरी आले असते की, सर."