आक्का, त्या रेघेवर जाऊ नकोस

तीर्थस्वरूप आक्कास, धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझी छाती धडधडते, पण ती तू मला ओळखतेस तेव्हापासून धडधडतेच आहे. बाकी इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त शेळी माळ्यावर आहे. ते पुढे येईलच.

पत्रास कारण की, आज सकाळी जीप फिरून गेली. वरच्या धरणाचे दरवाजे दिवस मावळायच्या आत उघडणार, नदीकाठच्यांनी टेकडीवरच्या शाळेत जावं, असं भोंग्यावर ओरडत होते. तुझ्याकडेही ओरडले असतील, आणि तू खिडकी लावून घेतली असशील. (लावलीस ना? मी ओळखतो.) तुझं म्हणणं मला पाठ आहे. दाराच्या चौकटीवर वडिलांनी मोठ्या पुराची रेघ मारलीय, ती गुडघ्याएवढी आहे, म्हणजे पाणी फार तर गुडघ्याएवढं येणार, तेवढा वेळ मी खाटेवर पाय वर घेऊन बसेन. आक्का, त्या रेघेबद्दलच लिहायला बसलो आहे. पण तिची खरी गोष्ट मला कशी कळली हे आधी सांगितलं नाही तर तू म्हणशील, याच्या डोक्यात हे कुणी भरवलं.

मागच्या आठवड्यात शाळेत पुराबद्दल सांगायला एक बाई आल्या होत्या. सगळे मागे बसले, मी पुढे बसलो. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करा, गुरं दावणीला बांधून ठेवू नका, वाहत्या पाण्यात पाय घालू नका, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी घालू नका. मी सगळं केलं. खटका तर त्याच दिवशी बंद केला. (सूनबाईंनी परत चालू केला. मी परत बंद केला. आता त्या तिथे खुर्ची टाकून बसतात.) शेळीला शिडीवरून माळ्यावर चढवलं. चढली ती पाहुणीसारखी, पण उतरायचं नाव घेत नाही, आणि वरून माझ्याकडे असं बघते की घर तिचं आणि मी भाडेकरू.

मग बाईंनी सांगितलं होतं की अगदीच प्रसंग आला तर झाकणाचे रिकामे कॅन अंगाला बांधावेत, माणूस तरंगतो. प्रसंग आल्यावर बांधायला सुचणार नाही म्हणून मी आज आधीच बांधून पाहिले. दोन पुढे, दोन मागे, गाठी पाठीवर. आणि बाहेर पडताना दारात अडकलो. पुढेही जाईना, मागेही येईना. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पाणी अजून नदीतच आहे हो!" आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या. शेजारी खिडकी दुरुस्त करायला आपला म्हातारा सुतार आला होता, तो धावत आला. मला बघून म्हणाला, "काय काका, कापू का चौकट? आक्कांच्या घरची कापली होती तशी, हातभर?"

मी म्हटलं, काय कापली होती?

तर तो म्हणतो, मोठ्या पुरात त्या चौकटीचा खालचा भाग कुजला होता. पुढे घर नीट करताना त्यानं तेवढा कापून टाकला आणि उरलेली चौकट तशीच खाली बसवली. म्हणून तर तुझ्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं आपटतं, आणि तू म्हणतेस, "माणसानं वाकून यावं!" आक्का, चौकट खाली आली तशी रेघही खाली आली. वडिलांची रेघ खरी कमरेएवढी आहे. चौकट कापल्याचं नदीला कुणी सांगितलेलं नाही. ती जुन्या मापानंच येईल, आणि तुझी खाट तुझ्यासकट तरंगेल.

वडील खोटे नव्हते, तूही चुकली नाहीस. तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नकोस. कोंबड्या टोपलीत घाल, औषधं घे, आणि लगेच शाळेकडे नीघ.

तुझा,
धाकटा

ता. क. – तुझ्यावाचून इथे कुणाचं अडलंय असं समजू नकोस. फक्त शेळी तुझं ऐकते, एवढंच.

दुसरा ता. क. – पत्र घेऊन आलेला टेम्पोवाला रिकामा परत जाणार नाही. तो भोंगा वाजवेल, त्याच्यावर खेकसू नकोस. वाजवायला मीच सांगितलंय.

तिसरा ता. क. – मीही टेम्पोतच आहे, तुझ्या घराअलीकडच्या वळणावर. समोर आलो की तू मला बोलू देत नाहीस, म्हणून आधी पत्र पाठवलं. आली नाहीस तर मी टेम्पो परत पाठवून तुझ्या खाटेवर येऊन बसेन. कॅन घरीच राहिले आहेत, आणि मला पोहता येत नाही. आता ठरव.