आप्पांच्या दंडावरचं मांस

मंगळवार, संध्याकाळ. म्हसवड.

आईला जाऊन दोन आठवडे झाले. तेव्हापासून आप्पा नुसत्या चहावर आहेत. उपाशी शरीर आधी यकृतातली साखर संपवतं, मग चरबी जाळतं आणि शेवटी मांसावर येतं, हे मी नर्स म्हणून दवाखान्यात रोज सांगते. घरी का सांगता येईना? रडू येईल म्हणून? पण आई गेल्यापासून मला रडू आलेलंच नाही.

आज त्यांचा दंड धरला, तर माझ्या मुठीत मावला. जन्मभर मेंढरं राखलेल्या माणसाचा दंड.

विचारलं, "आप्पा, मेंढरू खंगलं हे तुमी कसं वळखता?"

"पाठीवर हात ठिवायचा. कणा हाताला लागला की समजायचं."

मी त्यांचाच हात त्यांच्या दंडावर ठेवला. ते बराच वेळ चाचपत राहिले.

"हे मेंढरू तुज्या आईनं कवाच बाजारात काढलं असतं," म्हणाले. हसले नाहीत. मग म्हणाले, "आंबील हाय का गं?"

वाटीभर प्यायले. एवढ्यानं काही भरून येत नाही, मला ठाऊक आहे. पण ती वाटी धुताना माझ्या हातून दोनदा निसटली.