सासऱ्यांच्या चाकूला दिलेलं पाणी

४ फेब्रुवारी
विजय! सासऱ्यांनी त्यांचा घडीचा चाकू अखेर मलाच दिला. शिंगाची मूठ, पात्यावर कारागिराचा ठसा, त्यांच्या वडिलांच्या खिशातला. साडू समोरच बसला होता. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. त्याने मागितला होता तेव्हा म्हातारा चक्क नाही म्हणाला होता. मुळात चाकू जमवायचा नाद मला आधी लागला, त्याला माझं बघून. सासऱ्यांना माणसाची पारख आहे. ‘सांभाळा,’ एवढंच म्हणाले.

५ फेब्रुवारी
चाकू काचेच्या कपाटात मधोमध ठेवला. ही म्हणाली, तिथे माझ्या कपबश्या होत्या. होत्या.

७ फेब्रुवारी
दोष सापडला. चांगल्या चाकूचं पातं मिटताना ‘टक्’ वाजतं, कारण मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते, ती पातं दाबून धरते. इथे पट्टीच ढिली. पातं लुळं. साडू स्वतःचे चाकू मुद्दाम माझ्या कानाशी उघडमीट करतो. नीच माणूस.
निर्णय : पट्टी मी स्वतः दुरुस्त करणार. २५ला सासऱ्यांचा वाढदिवस आमच्याकडे आहे. त्या दिवशी साडूच्या कानाशी टक्!

९ फेब्रुवारी
ही म्हणते, बाबांनी सांभाळा म्हटलंय, सुधारा नाही. शिवाय तुम्ही मिक्सर उघडला होता तेव्हा काय झालं?
मिक्सरचा इथे काही संबंध नाही.

१२ फेब्रुवारी
चाकू कसे बनवतात त्याचे व्हिडिओ पाहिले. शेवटचा अर्धाच, त्यातला माणूस फार रटाळ बोलतो. पोलाद लाल होईपर्यंत तापवायचं आणि एकदम विझवायचं. याला पाणी देणं म्हणतात. त्यानंतर पुन्हा मंद तापवायचं असं काहीतरी होतं. ते कारखान्यांसाठी असावं.
अभ्यास पूर्ण.

१५ फेब्रुवारी
मुठीतला रिव्हेट निघेना. छिन्नी घातली. रिव्हेट निघाला, शिंगाला जरा तडा गेला. शिंगच म्हातारं.
खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, ठोकाठोक थांबवा म्हणाल्या. मी म्हटलं, ही कला आहे. त्यांनी कलेबद्दल जो शब्द वापरला तो लिहिण्यासारखा नाही. लिफ्टमध्ये यापुढे ओळख दाखवायची नाही.

१८ फेब्रुवारी
पट्टी गॅसवर धरली. मूठही शेजारीच ठेवली होती, ते जरा चुकलं. घरभर केस जळल्याचा वास. ही बॅग भरून बहिणीकडे गेली. बहिणीकडे म्हणजे साडूकडे! घरभेदीपणाला काही सीमा?
पण पट्टी लालभडक झाली. बादलीत बुडवली. चर्र! पोलादाला पाणी दिलं. आता साडूला पाजायचं.

१९ फेब्रुवारी
बसवताना पट्टी काडकन मोडली. काचेसारखी. पोलादच हलकं. जुन्या कारागिरांची लोक उगाच वाहवा करतात.

२० फेब्रुवारी
निदान पातं तरी चमकावं म्हणून ड्रिलला चाक लावून घासलं. पातं निळं पडलं. रंग छान आहे. ठसा गेला.

२२ फेब्रुवारी
सगळं चिकटवलं. कपाटाबाहेरून कळतसुद्धा नाही. उघडायचा नाही, एवढंच पथ्य. ही परत आली, पण बोलत नाही. साडूचा फोन : चाकू बघायची उत्सुकता आहे म्हणे. गिधाड!

२५ फेब्रुवारी
साडू आल्याआल्या कपाटाकडे गेला. मी म्हटलं, लांबून बघ. त्याने उचललाच. पातं त्याच्या हातात आलं, मूठ फळीवर राहिली. मग ओरडला, ‘बाबा, बघा आपल्या जावयाचं कसब!’
सासऱ्यांनी चष्मा लावला. पात्यावर अंगठा फिरवून ठसा शोधला. पुन्हा फिरवला. मी शिंगाबद्दल, पोलादाबद्दल, खालच्या बाईंबद्दल सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं.
मग म्हणाले, ‘थोरल्या जावयांना दिला नाही, कारण त्यांना हात घातल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही नुसतं बोलता. इतक्या वर्षांत काही करताना तुम्हाला पाहिलं नव्हतं. म्हटलं, तुमच्याकडे सुखरूप राहील.’
साडूचं हसू मावळलं. एरवी मला फार बरं वाटलं असतं.
सासऱ्यांनी तुकडे रुमालात बांधले आणि खिशात टाकले. हिने त्यांना पाणी दिलं, माझ्याकडे बघितलं नाही.
केक कापायची वेळ झाली. मी माझ्या संग्रहातला सर्वांत चांगला चाकू उघडून पुढे केला. तो बराच वेळ तसाच माझ्या हातात राहिला. सासऱ्यांनी चमचा मागितला आणि केक चमच्याने तोडला.
सगळ्यांना वाढून झाल्यावर मला विचारलं, घेणार का.
घेतला.