कंबर पंच्याऐंशीच्या पुढे गेली

फुमिए ताईस,

इसाओचा कमरेत वाकून नमस्कार. (कमरेत वाकणे हल्ली जड जाते, पत्र त्याबद्दलच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? तिकडे आओमोरीत बर्फ पडू लागला असेल. इकडे माझ्यावर आभाळच कोसळले आहे.

आमच्या चमच्यांच्या कारखान्यात दरवर्षी आरोग्य तपासणीची बस येते, हे तुला माहीत आहेच. वजनकाट्याला मी कधी भ्यालो नाही. 'उंचीच्या मानाने वजन बरोबर' हा शेरा मी वर्षानुवर्षे मिरवत आलो. पण काट्याला आता कोण विचारतो? टेप काढतात. पुरुषाची कंबर पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आत हवी. (बायकांना नव्वदपर्यंत मुभा. का, असे मी विचारले तर सगळी रांग हसली.) टेप बेंबीवर आली तसे मी पोट आत ओढले, ते पाठीलाच टेकले असावे. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "श्वास सोडा काका. मला काही घाई नाही." मी श्वास रोखून धरला. त्याही थांबल्या. शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पोट धप्पकन टेपवर आले. अठ्ठ्याऐंशी! मागून रांगेतला सहकारी ओनोदेरा माझे आडनाव घेऊन ओरडला, "कुरामोचीसान, कितवा महिना?"

तेव्हापासून माझे जगणे संपले. बियर बंद. नूडल्सचे पाणी वाडग्यात तसेच ठेवून उठायचे. भात मूठभर. नदीकाठी चालायला जातो, तर म्हाताऱ्या मला मागे टाकून जातात, वर "दमू नका हं!" म्हणतात. तुझी भावजय मित्सुए म्हणाली, "तुमच्यासमोर मी एकटी कशी खाऊ? मीही तेवढंच जेवते." म्हणून दोघेही टोफूकडे बघत बसतो. महिन्याने पुन्हा मोजले. सत्त्याऐंशी. एवढ्या हालांचे एक सेंटिमीटर! ताई, मी आता माणूस उरलो नाही, नुसता घेर उरलो आहे.

तुझा अभागी धाकटा भाऊ,
इसाओ

ता.क. नववर्षाची तांदळाची मोची यंदा पाठवू नकोस. डबा बघूनच रडू येईल.

ता.क. पुन्हा. मोची पाठव. पत्र टपालात टाकायचे राहिले होते, आणि काल मित्सुए भाजीच्या दुकानात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभे केले आणि मला म्हणाले, "तुमचं पोट राहू द्या. ह्यांचं वजन फारच कमी आहे, आणि हे महिन्याभरातलं नाही, कित्येक वर्षांचं आहे. घरी काय खातात ह्या?" ताई, आज जेवताना नीट पाहिले. आपल्या मूठभर भातातला अर्धा तिने बोलता बोलता माझ्या वाडग्यात सरकवला. हात इतका सवयीचा, की तिचे तिलाही कळले नाही. मी वाडगा परत सरकवला तर म्हणते, "असू दे हो, माझं पोट भरलं." माझे ती ऐकत नाही, तुझे ऐकते. चार दिवस येऊन तिच्या शेजारी जेवायला बस. उत्तर लिहीत बसू नकोस, गाडी धर.