माझ्या घराची कौले आणि अडकलेले गाऱ्हाणे

मी, रविकांत बाबू खवणेकर, वय ७९, राहणार मालवण, शिक्षण सातवी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, आणि तो हरवेल म्हणून त्याच्या दोन झेरॉक्सही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घाई आहे ती माझी मलाच.

१. राहते घर मुलगा नितेश याला. ते पाडून तो पर्यटकांसाठी खोल्या बांधणार आहे. मला सांगत नाही, पण टेप घेऊन मापे घेताना मी पाहिले आहे. बांधू दे. विहिरीवरचा पंप बंद केला की नाही, एवढे मात्र रोज बघावे.

२. पतपेढीतली ठेव मुलगी शर्मिला हिला. या कागदाप्रमाणे सगळे करून घेण्याचे कामही तिचेच. नितेश विसरतो.

३. घरावरची सर्व कौले, वासे आणि रिपांसह, मासळी बाजारातल्या शेडला द्यावीत. ती तिथे चढल्याशिवाय नितेशने नव्या घराचा पाया खणू नये.

याचे कारण लिहितो, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा बरळला.

नगरसेवकपदाला उभा राहिलो तेव्हा मी देवळात गाऱ्हाणे घातले. मानकऱ्यांनी माझ्या वतीने देवाला सांगितले, रविकांत निवडून आला तर मासे विकणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर घालील. जमलेली माणसे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाली. मी निवडून आलो. माझ्या दारासमोरचा रस्ता पहिल्याच वर्षी डांबरी झाला. छप्पर मात्र दरवर्षी पुढच्या वर्षावर गेले. बदल्यात मी बायकांना माझे नाव छापलेल्या छत्र्या वाटल्या.

पुढच्या निवडणुकीत त्यांच्यातलीच सुभद्रा मेथर माझ्याविरुद्ध उभी राहिली. माझ्याच नावाची छत्री उघडून तिने दारोदार प्रचार केला आणि मला पाडले. सहा महिन्यांत बाजारावर पत्र्यांची शेड उभी केली. मी वर्षभर त्या वाटेने गेलो नाही. राग होताच, पण भीती जास्त होती. शब्द माझा आणि छप्पर तिचे, मग देवाकडे माझे खाते कसे मिटणार?

नंतर बंदराजवळच्या रेडिओ केंद्राने मला सकाळचा कार्यक्रम दिला. अकरा वर्षे रोज साडेसहाला भरती-ओहोटी सांगतो, वारा सांगतो, आणि शेवटी सगळ्यांसाठी गाऱ्हाणे घालतो: होडयेक, जाळ्याक, बाजारात पाट्यार बसलेल्या बायांक बरा ठेव रे म्हाराजा. मग थोडा थांबतो. त्या खोलीच्या भिंतींना स्पंज लावला आहे. काहीच ऐकू येत नाही.

एकदा मी तिथल्या तंत्रज्ञाला, दीपेशला, विचारले, "कोण ऐकता काय रे?"

तो म्हणाला, "काटो हलता काका, म्हणजे आवाज जाता. परत येवची सोय ह्या मशिनीत नाय."

दुपारी डोळा लागला की मला तो आवाज जाताना दिसतो. पाण्याला न टेकता खाडीवरून जातो, देवबागच्या वाळूवर जरा बसतो, कोणाच्या परसात सुकत घातलेल्या बांगड्यांवरून फिरतो, आणि पुढे नुसते पांढरे ऊन. तिथे तो कोणाची तरी वाट पाहत उभा असतो. "व्हय म्हाराजा" कोणी म्हटले नाही तर गाऱ्हाणे पुरे होत नाही. माझी अकरा वर्षांची गाऱ्हाणी तिथेच उभी असतील, अशी मला धास्ती आहे.

गेल्या वादळानंतर शेडचे पत्रे गंजून चाळण झाले. म्हणून ही कौले.

४. त्या छत्र्यांपैकी एक माझ्याकडे उरली आहे. ती सुभद्राबाईंना द्यायची होती. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही करू नये, असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला त्याच हव्यात. म्हणून छत्री शर्मिलाला, सुभद्राबाईंना काही नाही. काल हे सांगायला गेलो तेव्हा त्या मासे कापता कापता म्हणाल्या, "रविकांतानू, जिते आसताना छप्पर घातलास नाय, आता मेल्यार घालतलास?" मी म्हटले, होय. "छत्री नको माका. सही करतंय," म्हणाल्या.

त्या रेडिओ ऐकतात का, हे विचारायचे धाडस झाले नाही.

वरील सर्व मी दोनदा वाचले आहे. तिसऱ्यांदा वाचले तर फाडीन, म्हणून सही करतो.

रविकांत बाबू खवणेकर
मालवण, दि. ९ फेब्रुवारी २०२५

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:

१. दीपेश आरोलकर, रेडिओ केंद्र

२. सुभद्रा सत्यवान मेथर. सगळा वाचून घेतलंय. पाट्यार बसान आमी सगळ्यो रोज सकाळी म्हणतांव, अकरा वर्सां झाली. आजय म्हणतंय. व्हय म्हाराजा.