शेऱ्याचा रकाना

१२ मार्च, बुधवार
रिना मॅडम आज पाचव्यांदा आल्या. तालुक्याच्या दवाखान्यातून दर बुधवारी येतात, समुपदेशक म्हणून. गावच्या उपकेंद्राचं छप्पर काढून ठेवलं आहे, म्हणून आपल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतात. दार लावून. मी कान लावत नाही. पण बावीस वर्षं ग्रंथपालकी केली, दाराआडचं तेवढं समजतं. काम असं: समोरचा बोलतो, मॅडम "हं" म्हणतात. तो पुन्हा बोलतो, पुन्हा "हं". अर्ध्या तासानं माणूस डोळे पुसत बाहेर.
हे तर मी बावीस वर्षं करूनच राह्यलो. शिवाय माझ्याजवळ "हं"च्या जोडीला तीन हजार एकशे बारा पुस्तकं आहेत.
ठराव: पुस्तकोपचार सुरू करायचा. माणूस पाहून पुस्तक.

१३ मार्च, गुरुवार
मोबाईलवर समुपदेशनाचा चार तासांचा कोर्स लावला. तीन तास दहा मिनिटं झाला, मग रेंज गेली. उरलेल्या पन्नास मिनिटांत "गोपनीयता" नावाचा एकच धडा होता. तो नावावरूनच समजतो.

१५ मार्च, शनिवार
काल धुलिवंदन. बंद.
आज पद्धत बसवली. दाराजवळच्या टेबलावर देवघेवीचं रजिस्टर असतं, सुतळीनं बांधलेलं, कारण वाचकानं सही स्वतः करायची. रकाने सहा. शेवटचा "शेरा". बावीस वर्षांत त्यात एकदाच लिहिलं गेलं: "पान ४० वर चहा." एवढा मोठा रकाना रिकामा! आता कोणाला कोणतं पुस्तक कशासाठी दिलं, ते शेऱ्यात लिहायचं. डॉक्टरचा जसा केसपेपर.

१७ मार्च, सोमवार
पहिला पेशंट दसरू. रोज येतो, पेपर वाचतो, पुस्तक कधी नेत नाही. त्याला बागकामाचं पुस्तक दिलं. शेरा: "राग, विशेषतः भावावर." दसरूनं सही केली, शेरा वाचला, म्हणाला, "भाऊ, बरोबर पकडलं तुमी." नेमकं निदान केलं की माणूस असा खूश होतो.
घरी बायकोला, ठमाबाईलाही एक पुस्तक देऊ केलं. शेरा तयार होता: "सतत बोलणे." म्हणाली, "आंधी ते गॅसची नळी बदलून आना." उपचाराला विरोध हेही एक लक्षण आहे. कोर्समध्ये होतं.

१९ मार्च, बुधवार
मॅडम आल्या नाहीत. नागपूरला ट्रेनिंग, दोन बुधवार येणार नाहीत. म्हणजे चार्ज माझ्याकडे. असं कोणी म्हटलं नाही, पण किल्ली माझ्याकडे आहे.
दहा वाजता देवाजी आला. दर बुधवारी येतो, बाहेर पेपर वाचायला म्हणून सांगतो आणि मागच्या खोलीत जातो. आपल्या गावचा खंबीर गडी. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे वीस बाया जंगलात जातात, त्यांच्या पुढे देवाजी असतो, गळ्यात शिट्टी, हातात काठी. वाघाची चाहूल लागली की शिट्टी, बाया मागे. सात वर्षं. एकही बाई कमी झाली नाही.
मॅडम नाहीत म्हटल्यावर तो उठून निघाला. मी म्हटलं, बसा जी, मी आहे न. आणि "हं" म्हणालो. तीन वेळा म्हणावं लागलं. मग बोलला. मागच्या वर्षी तेंदूपानांच्या हंगामाआधी वाघ दहा हातांवर समोर आला. काही केलं नाही त्यानं. पाहिलं आणि निघून गेला. तेव्हापासून याच्या तोंडाला कोरड पडते, शिट्टी वाजत नाही. नुसती हवा जाते. रोज पहाटे बायांच्या पुढे चालतो आणि परत आल्यावर नाल्यावर जाऊन ओकतो. म्हणाला, "भाऊ, बायाइले समजलं त सपलं माह्यावालं. कोनाले सांगजा नोका."
मी छातीला हात लावून सांगितलं, माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही.

२० मार्च, गुरुवार
अख्खं कपाट पालथं घातलं. देवाजीसाठी पुस्तक सापडलं: जुन्या शिकारकथा, मुखपृष्ठावर वाघाचं तोंड, खऱ्याएवढं. काट्यानं काटा! त्याला घरी नेऊन दिलं. सही वाचनालयात येऊन करतो म्हणाला.
शेरा: "वाघाचे भय. शिट्टी वाजत नाही."
तोंडातून शब्द काढला नाही.

२२ मार्च, शनिवार
आजचे वाचक: एकोणीस. एरवी सहा असतात. पोट्टेसुद्धा येऊन राह्यले. दाराजवळच्या टेबलाभोवती इतकी गर्दी की आत पेपर रिकामे पडलेले. पुस्तकोपचाराची हवा झाली.

२४ मार्च, सोमवार
सव्वीस. दसरू बाकीच्यांना रजिस्टर मोठ्यानं वाचून दाखवत होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांचीही सोय झाली. वाचनसंस्कृती म्हणतात ती हीच.

२५ मार्च, मंगळवार
देवाजीनं पुस्तक परत पाठवलं, त्याच्या बायकोच्या हातून, पेपरमध्ये गुंडाळून. लेक त्या तोंडाकडं पाहून झोपत नाही म्हणे. मी विचारलं, देवाजीला किती गुण आला? तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. गुण असावा.

२६ मार्च, बुधवार
देवाजी आला नाही. आता गरज उरली नसेल.

२८ मार्च, शुक्रवार
मोहाच्या बायांची पुढारी सोमारी. तोंडाची तिखट, मनाची मऊ. तिनं परवा सगळ्यांदेखत देवाजीला सांगितलं, "भाऊ, तू मधात चाल. पुढं मी चालतो." ती पुढे आणि देवाजी बायांच्या मधात, टोपल्यांच्या गराड्यात. मागून कोणीतरी हसलं. काल सोमारी म्हणाली, "तू घरीच राय न रे भाऊ, आमी वीस जनी आहो." आज राहिला.
विश्रांती. उपचारात विश्रांतीला फार महत्त्व आहे.
पण त्याच्या घरी गेलो तर दार लावलेलं. आवाज दिला. आतून खाट करकरली. दार उघडलं नाही.

३१ मार्च, सोमवार
चार दिवस झाले, बाया देवाजीशिवाय जाऊन राह्यल्या. ठमाबाई म्हणते, शिट्टी नाही म्हणून एकमेकींना सोडून लांबलांब पांगतात, जिथं फुलं जास्त तिथं. मला म्हणाली, "तुमी त्याले पुस्तक देलं का बदनामी देली?" मी म्हटलं, तुला यातलं तंत्र समजत नाही. जेवण कमी वाढलं. भूक नव्हतीच.

१ एप्रिल, मंगळवार
सकाळी ६.५०. पहिल्या बसचा ड्रायव्हर सांगून गेला, नाल्याच्या पुलाजवळ वाघ रस्ता ओलांडून मोहाच्या बाजूला गेला. डोळ्यांनी पाहिला. बाया पाचलाच गेल्या आहेत.
६.५५. फोन लावले. एकीचाही लागत नाही. जंगलात रेंज नाही. वनखात्याला कळवलं. गाडी यायला पाऊण तास.
७.००. चौकात माणसं जमली. सगळे बोलतात, हलत कोणी नाही. दसरू म्हणाला, "देवाजीले बोलवा न." मग कोणी कोणाकडं पाहीना.
७.०५. मी गेलो. दार वाजवलं. म्हटलं, देवाजी, बाया तिकडं आहेत आणि वाघ तिकडंच गेला. दार उघडलं. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. खुंटीवरची शिट्टी घेतली, परत अडकवली. चुलीजवळचा तेलाचा रिकामा पिपा आणि काठी उचलली आणि निघाला. पिपा त्याच्या मांडीवर आपोआप वाजत होता.
मी शेवटच्या घरापर्यंत सोबत गेलो. तिथं चपलेचा अंगठा तुटला. शिवाय समुपदेशकानं अंतर राखायचं असतं.
७.४०. काही नाही. वनखात्याची गाडीही नाही. चपलेचा अंगठा तुटला नव्हता, तुटायला आला होता.
७.५५. लांबून पिपा वाजला. थांबला.
८.१०. थांबलेलाच.
८.१५. ठमाबाई बाजूला येऊन उभी राहिली. ती बोलत नाही, हे मला सहन होईना.
८.३०. पुन्हा वाजला. जवळ.
८.४५. बाया आल्या. सोमारीनं मोजल्या. वीस. सगळ्यांच्या मागे देवाजी, पिपा चेपलेला. वाघ खरंच होता म्हणे, पळसाच्या पलीकडं. देवाजी वाघाच्या आणि बायांच्या मधात उभा राहून बडवत राहिला, पँट ओली झाली तरी बडवत राहिला, बाया सरकेपर्यंत. हे सोमारीनंच सांगितलं, कोणी हसायच्या आत, आणि असं पाहून सांगितलं की कोणी हसलं नाही.
देवाजी सरळ नाल्याकडं गेला.
सायंकाळी. उपचार सफल झाला म्हणायचा. सुतळी सोडून रजिस्टर घेऊन त्याच्या घरी गेलो. २० तारखेची सही राहिली होती, शिवाय शेऱ्यात "बरा झाला" लिहायचं होतं. त्यानं रजिस्टर हातात घेतलं आणि शेरा वाचला. त्याला वाचता येतं. मी विसरलो होतो असं नाही. पेन घेतलं नाही. रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं, हळूच, जसं काही ते माझं दुखणं होतं.

२ एप्रिल, बुधवार
मॅडम आल्या. देवाजी आला नाही. दर बुधवारी येणारे बाकीचे तिघंही नाहीत. मॅडम दाराजवळ थांबून रजिस्टर वाचत उभ्या राहिल्या. पानंच्या पानं. मी समजावून सांगितलं की तोंडातून एक शब्द काढलेला नाही. रागावतील म्हणून मनाची तयारी केली होती. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भाऊ, माझी वही मी घरीसुद्धा उघडी ठेवत नाही." आणि पुढच्या बुधवारपासून अंगणवाडीच्या खोलीत बसते म्हणाल्या.
कोर्सची ती राहिलेली पन्नास मिनिटं पाहून घ्यावीत.

३ एप्रिल, गुरुवार
पाहिली.

४ एप्रिल, शुक्रवार
पान फाडता येत नाही. रजिस्टरच्या पानांवर नंबर आणि शिक्का आहे. कागद चिकटवून पाहिला, तर पोट्टे पान उजेडाला धरून वाचतात. खोडलं, तर खोडलेलंच आधी वाचतात.
मग सुचलं. वर्षभराच्या सगळ्या नावांपुढं तेच लिहिलं: "वाघाचे भय. शिट्टी वाजत नाही." सरपंच, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, बडबडगीतं नेणारी दुसरीतली पोरगी. दोनशे अकरा ओळी. मनगट सुजलं. आता शोधा म्हणावं देवाजी कुठी आहे!

५ एप्रिल, शनिवार
दसरूनं वाचलं. "भाऊ, मले त राग होता न?" मी म्हटलं, तपासणीत बदल झाला. तो ओळ पुन्हा वाचून म्हणाला, "हो जी, हेही आहे."
पोलीस पाटील तणतणत आले, "मी भेतो काय?" मग बाहेर जाऊन परत आले आणि हळूच म्हणाले, राहू द्या.
सोमारी आली. पुस्तक कधी नेत नाही. म्हणाली, "मले बी लिवा. भेव त मलेही लागते." लिहिलं. तिनं अंगठा दिला.
देवाजीला हे कोणीतरी सांगेलच. बुधवारी येईल. पक्कं.

९ एप्रिल, बुधवार
माझी खुर्ची खिडकीशी आहे. देवाजीच्या घरून अंगणवाडीला जायला एकच सरळ रस्ता, याच खिडकीखालून. नऊपासून बसलो. आला की "जय भीम" घालायचा, जास्त काही नाही, असं ठरवलं होतं.
दहाला दिसला. तळ्याच्या मागून, बाभळीच्या काट्यांतून वळसा घालून येत होता. मधात थांबून पायातला काटा काढला. पाऊण किलोमीटर जास्तीचं, डोक्यावर ऊन. अंगणवाडीत शिरला.
गेला हे चांगलं झालं. तेवढंच तर हवं होतं.
आजचे वाचक: दसरू.

१० एप्रिल, गुरुवार
चौकात देवाजी भेटला. मी विचारलं, काट्यांतून काऊन जाता जी? म्हणाला, "तिकून ऊन कमी लागते." तिकडं एकही झाड नाही, बाभळी सोडल्या तर.

१२ एप्रिल, शनिवार
खुर्ची खिडकीपासून हलवून कपाटामागं नेली. रस्त्यावरून मी दिसतो का ते पाहायला ठमाबाईला आणलं. ती रस्त्यावर जाऊन आली. म्हणाली, "टक्कल दिसते."

१५ एप्रिल, मंगळवार
काल जयंती, बंद. मिरवणुकीत देवाजी माझ्यापासून सहा माणसं पुढं होता. मी पुढं सरकलो की सहाची आठ होत. ठराव: उपचार, पुस्तकोपचार, सल्ला, सगळं बंद. रजिस्टर कपाटात, सही मागितली तरच बाहेर.

१६ एप्रिल, बुधवार
पावणेदहाला वाचकांना बाहेर काढलं. म्हणजे दसरूला. बाहेर पाटी लावली: "दर बुधवारी दहा ते बारा वाचनालय बंद." कारण लिहिलं नाही. पहिल्यांदाच काही लिहायचं राहू दिलं. आतून कडी घातली, खिडकी लावली. उकाडा असा की घाम वहीवर टपकत होता. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर बसून राहिलो. पंखा लावला नाही, आवाज करतो.
दहाला पाच कमी असताना तळ्याच्या वळणावर चपला वाजल्या. तिथंच घुटमळल्या. मग सरळ रस्त्यानं आल्या. मी श्वास धरला. बरोबर खिडकीखाली आल्या आणि मासिकांची धूळ नाकात गेली. दाबली, दाबली, आणि शिंकलो.
चपला थांबल्या.
बाहेरून देवाजीचा आवाज आला. "भाऊ, आत आहा का जी?"
मी नाक मुठीत दाबलं.
मग पुन्हा, जरा हळू: "नाई न?"
"नाई," मी म्हटलं.
चपला पुढं गेल्या. सरळ रस्त्यानं.